बिनधुराची भट्टी

मास्तरांचा काडेपेटीवर राग होता. शाळेच्या वर्कशॉपमधली भट्टी पेटवायची तर दुसरा कोणीही काडी ओढून मोकळा होईल. मास्तर करंगळीएवढी सळई ऐरणीवर ठेवायचे आणि तिच्या टोकावर हातोड्याचे घाव घालत सुटायचे. भराभरा, सळई फिरवत, मध्ये श्वाससुद्धा न घेता. वीस-पंचवीस घावांत ते थंड लोखंड नुसत्या माराने तापायचं, टोक मंद लाल दिसायला लागायचं, आणि मास्तर त्याला कापसाचा बोळा लावून फुंकर घालायचे. काडीने लावलेली आग उसनी, ही आपली, असं त्यांचं म्हणणं. दिवसाची पहिली बिडीही ते ह्या आपल्या आगीवरच पेटवायचे, आणि मग हेडमास्तरांनी त्याबद्दल बोलावलं की त्यांच्यापुढे निमूट उभे राहायचे.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायचे. नाशिक रोडला रेल्वेलाइनच्या पलीकडे शाळा होती. पुस्तकांबरोबर सुतारकाम, फिटिंग आणि लोहारकाम शिकवणारी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी तिथं लागले तेव्हा मास्तरांना लोहारकाम शिकवायला लागून पंधरा वर्षं झाली होती. त्यांना शिक्षकांत कोणी धरत नसे, कारण पदवी नव्हती. होते ते बापाने शिकवलेले हात. मला का धरत नसत, त्याचं कारण माझ्या आडनावात होतं. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये ते ऐकल्यावर दोघातिघांनी आपापले चहाचे कप जरा जवळ ओढून घेतले. मास्तर कोपऱ्यातून उठले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि खणखणीत आवाजात जयभीम म्हणाले. ते स्वतः बौद्ध नव्हते. एवढ्या मोठ्याने का म्हणालात, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले की एक तर सगळ्यांना ऐकू जायला पाहिजे होतं, आणि दुसरं म्हणजे मला एका कानाने कमी ऐकू येतं. दोन्ही कारणं खरी होती.

लोहार म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तसा माणूस हा नव्हे. किडकिडीत, वाकलेला, भुवया कायमच्या जळलेल्या, हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग. कान गेला होता तरी त्यांना प्रत्येक वस्तू वाजवून बघायची खोड होती. कप हातात आला की आधी नखाने टिचकी, मग चहा. ह्याला चीर गेलीय, म्हणायचे, आणि आठवड्याभरात तो कप खरंच फुटायचा. आमच्यातल्या एका गुरुजींनी घर बांधलं, तर वास्तुशांतीच्या पंगतीतून उठून ह्यांनी हॉलची भिंत मुठीने ठोकली आणि पाहुण्यांसमोर सांगितलं की ही आतून पोकळ आहे, ठेकेदाराने फसवलं. त्यानंतर शाळेतल्या कोणी त्यांना घरी बोलावलं नाही. मी बोलावलं. माझ्या भिंती सरकारी कॉलनीतल्या क्वार्टरच्या होत्या, पोकळ निघाल्या असत्या तरी मला काही वाटलं नसतं.

वर्कशॉपच्या खिडक्यांवर त्यांनी गोणपाटं ठोकली होती. भर दुपारी आत गेलं की काही क्षण डोळ्यांना काही दिसायचंच नाही. मग हळूहळू भट्टीतला निखारा, मुलांचे घामेजलेले चेहरे, मास्तरांचा पांढरा बनियन असं एकेक दिसू लागायचं. तापलेल्या लोखंडाचा रंग बघून ते केव्हा ठोकायचं, केव्हा पाण्यात बुडवायचं हे ठरतं, आणि उजेडात तो रंग फिका दिसतो. लोहार फसतो, लोखंड जळतं. "उन्हात लोखंड खोटं बोलतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या रंगांना त्यांच्याकडे घरगुती नावं होती. आधी जांभळी, मग डाळिंबी, मग गाजरी, मग केशरी, शेवटी लिंबू. लिंबाच्या पुढे गेलं की लोखंड मेलं. माणसांनाही ते हेच मोजमाप लावायचे. मला रजा हवी होती तेव्हा म्हणाले, आत्ता जाऊ नका बाई, हेडमास्तर अजून डाळिंबीच हायेत. गाजरी झाले की वाकतील. मी दुपारपर्यंत थांबले आणि रजा मिळाली.

पण मास्तर खरे कळायचे ते घरी. देवळालीच्या रस्त्याला एका मळ्याच्या कडेला त्यांची दोन खोल्यांची जागा होती आणि मागे पत्र्याची शेड. शाळा सुटल्यावर आणि रविवारी ते तिथं विळे, कोयते, कुऱ्हाडी करायचे. घण मारायची त्यांची बायको. ती हरसूलकडची, डोंगरातली; हरसूलच्या बाजाराला दोघं माल घेऊन जायचे आणि तिच्या माहेरची माणसं तिने घण मारलेलाच विळा मागून घ्यायची. अंगाने ती मास्तरांच्या दीडपट. लुगड्याचा काचा मारून, दोन्ही हातांनी आठ शेरी घण डोक्यावर नेऊन ती खाली आणायची तेव्हा माझ्या पायाखालची जमीन हलायची.

काम चालू असताना दोघं बोलत नसत. बोलून ऐकू कुठं येणार? मास्तर छोट्या हातोड्याने लोखंडावर जिथं टक् करतील तिथं तिचा घण पडायचा. टक् आणि धाड, टक् आणि धाड. जोरात हवा असेल तर टक् जोरात. हलका हवा असेल तर हातोडा ऐरणीच्या कडेला नुसता नाचवायचा. आणि थांब म्हणायचं असेल तर मास्तर हातोडा ऐरणीवर आडवा ठेवून द्यायचे. मग घण वर गेलेला असला तरी ती तो तिथंच आवरून बाजूला उतरवायची. एकदा मी तिला म्हटलं, वहिनी, तुमचं भांडण झालं तर कसं हो करता? ती हसली. म्हणाली, "भांडान झालं की ह्ये टक् लय मोठ्यानं करत्यात, ताई. मंग मी बी धाड मोठ्यानं करते. कोयता चांगला व्हतो त्या दिशी."

तिला खोकला लागला तो साधारण माझ्या तिसऱ्या वर्षी. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. कोळशाच्या धुरात तिने लहानपणापासून आयुष्य काढलं होतं. आधी बापाच्या भट्टीवर, मग नवऱ्याच्या. डॉक्टरांनी दमा सांगितला आणि धुराजवळ जायचं नाही अशी ताकीद दिली. मास्तरांनी दुसरा घणकरी आणला. तो तीन दिवस टिकला. मास्तर टक् करायचे आणि त्याचा घण बोटभर बाजूला पडायचा. चौथ्या दिवशी वहिनी शेडमध्ये येऊन उभी राहिली आणि तिने त्याच्या हातातून घण काढून घेतला. मास्तरांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार होती आणि अभिमानही होता. दोन्ही एकाच वेळी लपवायला त्यांना जमत नव्हतं.

तेव्हा त्यांच्या डोक्यात गॅसची भट्टी आली. आमच्या कॉलनीत नुकताच गॅस आला होता. माझ्या घरी येऊन ते ओट्यापुढे अर्धा तास उभे राहिले, निळी ज्योत लहान-मोठी करत, तिच्यावर पांढरा रुमाल धरून काजळी धरते का बघत. रुमाल पांढराच राहिला. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बाई, हिला धूरच नाय." मला तो चेहरा आजही दिसतो.

पुढचे चार महिने मास्तरांना दुसरं काही सुचलं नाही. अंबडला तेव्हा नवे नवे कारखाने उभे राहत होते. तिथल्या भंगारातून त्यांनी जाड पाइपाचा हातभर तुकडा आणला. आतून भट्टीच्या विटांचे तुकडे आणि भाताचं तूस कालवलेली माती लिंपली. ती वाळली, तडकली, पुन्हा लिंपली, पुन्हा तडकली. पाचव्या वेळी टिकली. गॅस यायची नळी त्यांनी स्वतः घडवली, तिच्या तोंडाला स्टोव्हचं निपल बसवलं, आणि हवा आत ओढली जावी म्हणून मागे भोकं पाडून त्यांवर सरकणारी पत्र्याची चकती लावली. पहिल्यांदा पेटवली तेव्हा ज्योत उलटी फिरून नळीतच गुरगुरायला लागली आणि मास्तरांच्या उरल्यासुरल्या पापण्याही गेल्या. वहिनी दारात बसून हे सगळं बघायची. अहो, मला बरं करायच्या आधी तुम्ही जळून जाल, म्हणायची.

गॅस माझा होता. तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं आणि मास्तरांचा नंबर कुठंच नव्हता. आमच्याकडे दोन सिलिंडर होते, पण सासूबाई गॅसवरची भाकरी खात नसत, त्यांच्यासाठी रॉकेलचा स्टोव्ह वेगळा चालायचा. त्यामुळे एक सिलिंडर पडूनच असायचा. तो मी मास्तरांना दिला. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, आपणहून.

आणि दुसरं एक दिलं. भट्टी चालायला लागली, लोखंड भराभर तापायला लागलं, पण त्याच्यावर जाड खपली धरायची. ठोकलं की खपली सोलून पडायची आणि विळ्याचं पातं झिजून जायचं. मास्तर हिरमुसून बसले. ही भट्टी लोखंड खाती, म्हणाले. मला ते ऐकून आनंद झाला, खोटं कशाला सांगू; शेवटी माझ्या विषयातलं काही ह्या माणसाला हवं होतं. मी त्यांना शेडमध्ये उभं राहून धडा दिला. तापलेलं लोखंड हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याची ती खपली. भट्टीत हवाच कमी जाऊ द्या, म्हणजे लोखंडाला घ्यायला ऑक्सिजन उरणार नाही. चकती सरकवून अर्धी भोकं बंद करा. त्यांनी बंद केली. ज्योत मऊ, पिवळसर झाली आणि भट्टीतून विळा बाहेर आला तो स्वच्छ, गुळगुळीत. मास्तरांनी तो उलटसुलट करून बघितला, टिचकी मारली, आणि मला म्हणाले, "तुमचं पुस्तक कामाचं हाय, बाई." एवढी स्तुती त्यांनी त्याआधी कोणाची केलेली मी ऐकली नव्हती. मी दोन दिवस हवेत होते.

आता धूर नाही म्हटल्यावर धुराडं कशाला? मास्तरांनी शेडचं धुराड्याचं भोक पत्रा मारून बंद केलं, कारण तिथून उजेड यायचा. खिडकीला गोणपाट होतंच. थंडीच्या दिवसांत दारही लोटून घ्यायचे. वहिनीचा खोकला खरंच कमी झाला. महिन्याभरात ती पूर्वीसारखा सलग घण मारायला लागली. फक्त काम झालं की डोकं धरतं म्हणायची; कपाळाला फडकं बांधायची, ओवा चावायची. भट्टीचा घुर्र आवाज कानात बसतो, त्याने होत असेल, असं आम्ही ठरवून टाकलं. मी एका रविवारी तासभर तिथं बसले तर माझंही डोकं दुखायला लागलं. बाहेर मळ्यात येऊन बसल्यावर उतरलं. मी घरी जाऊन गोळी घेतली.

ती गेली पौषात. हरसूलचा बाजार दोन दिवसांवर होता आणि पंचवीस कोयते व्हायचे होते. रविवारची दुपार. थंडी होती म्हणून सकाळपासून दार लावून काम चाललं होतं. कोयत्यांना पाणी द्यायची टाकी बाहेर, आंब्याखाली होती. मास्तर एकेक कोयता सांडशीत धरून बाहेर न्यायचे, बुडवायचे, धार बघायचे, आत यायचे. ती आत भट्टीपाशी बसून पुढच्या कोयत्याचा रंग बघत असायची. गाजरी झाला की हाक मारायची. एका वेळी हाक आली नाही. मास्तरांना वाटलं, कोयता अजून तापला नसेल. ते दगडावर धार लावत बसले. आत आले तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली होती आणि भट्टीतला कोयता लिंबाच्या पुढे गेला होता.

मला निरोप आला तशी मी टांग्याने गेले. तिला ओटीवर निजवलं होतं. आजूबाजूच्या बाया म्हणत होत्या की अहेव गेली, बघा कसं तेज आहे. खरंच होतं. दोन वर्षं खोकून खोकून राखेसारखी झालेली बाई गालांवर छान गुलाबी रंग घेऊन निजली होती. मास्तर तिच्या उशाशी बसून पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. "रंग चांगला व्हता, बाई. किती दिसांनी तिच्या तोंडावर असा रंग बघितला. मला वाटलं डोळा लागलाय. म्या उठवली नाय." दमेकरी बाई, हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. कोणाला शंका यायचं कारण नव्हतं.

मला कधी कळलं? पुढच्या वर्षी कार्बनचा धडा शिकवताना कळलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. फळ्यावर मी लिहीत होते: हवेचा पुरवठा अपुरा असल्यास कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रंगहीन, गंधहीन, अत्यंत विषारी. हे वाक्य मी दरवर्षी त्याच फळ्यावर लिहिलं होतं, मुलांकडून पाठ करून घेतलं होतं, परीक्षेत विचारलं होतं. खपलीचा धडा आणि हा धडा ह्यांत पुस्तकाची चार पानं होती. त्या दिवशी खडू थांबला, एवढं खरं. पण ओटीवर तो गुलाबी चेहरा बघितला तेव्हाच मला शंका आली होती आणि मी ती दाबून टाकली होती. रंगाचं काय ते शोधायला सार्वजनिक वाचनालयात जाऊन एक जाड वैद्यकाचं पुस्तक काढलं तेव्हा मी पान उघडायच्या आधीच तिथं काय असेल ते जाणून होते. त्या वायूने माणूस गेला की चेहरा तसाच होतो, असं तिथं लिहिलं होतं.

मी गप्प बसायचं ठरवलं. मास्तरांना सांगून ती काही परत येणार नव्हती. भट्टी त्यांनी पुन्हा पेटवली नव्हती. शेडला कुलूप होतं. ते शाळेत यायचे, कोळशाच्या भट्टीवर मुलांना शिकवायचे, टिचक्या मारणं त्यांनी सोडलं होतं. असंच दोघांनी म्हातारं व्हावं, असं मी मनाशी धरलं होतं.

पण जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन आलं. हेडमास्तरांना कोणीतरी सांगितलं की आपल्या लोहारमास्तरांनी गॅसवर चालणारी, बिनधुराची भट्टी स्वतः बनवली आहे. हेडमास्तर एकदम लिंबापर्यंत गेले. भट्टी शाळेच्या वर्कशॉपमध्ये बसवायची, महिनाभर मुलांकडून तिच्यावर कामं करून घ्यायची आणि मग प्रदर्शनात मांडायची, असा बेत ठरला. मला वाटलं होतं मास्तर नाही म्हणतील. ते हो म्हणाले. तिच्यासाठी केली होती, निदान पोरांची छाती तरी धुरातून सुटेल, असं म्हणाले. दोन दिवसांत त्यांनी भट्टी हातगाडीवरून आणली. वर्कशॉपच्या धुराड्याला पत्रा मारला. खिडक्यांवर गोणपाटं होतीच. सोमवारपासून वीस मुलं आत बसणार होती.

शनिवारी मधल्या सुट्टीत मी वर्कशॉपमध्ये गेले. आधी मी पळवाट काढून बघितली. म्हटलं, मास्तर, गोणपाटं काढा ना, मुलांना गुदमरतं. ते न बघताच म्हणाले की उन्हात लोखंड खोटं बोलतं. म्हटलं, निदान दार उघडं ठेवा. म्हणाले, वाऱ्याने ज्योत हलते. ते ऐरणीवर एक बिजागरी सरळ करत होते. मी दाराची कडी आतून लावली, त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. माझ्या आवाजात सांगितलं, वर्गात सांगते तसं, कारण दुसऱ्या कोणत्या आवाजात ते मला जमलं नसतं.

त्यांनी हातोडा थांबवला नाही. टक्, टक्, चालूच. मग म्हणाले, "धूर नव्हता, बाई."

"दिसणारा नव्हता."

"वास आला असता. गॅसचा वास मला कळतो."

"जळायच्या आधी त्याला वास असतो. अर्धवट जळून जे होतं त्याला नसतो. रंगही नसतो."

हातोडा थांबला. "तिच्या तोंडाला रंग व्हता," ते म्हणाले.

"तो त्याचाच रंग, मास्तर."

बाहेर मैदानावर मुलांचा गलका चालला होता. मास्तरांनी बिजागरी बाजूला ठेवली. त्यांनी विचारलं की तिला कळलं असेल का. मी म्हटलं, नाही, नुसती झोप येते. हे खरं होतं आणि ते सांगता आलं म्हणून मला जरा श्वास घेता आला. मग त्यांनी विचारलं, "आन् म्या खिडकी उघडी ठिवली असती तर?"

इथं खोटं बोलायला हवं होतं, असं मला नंतर पुष्कळ वेळा वाटलं. पण वीस मुलं सोमवारी आत बसणार होती. मी म्हटलं, "तर वाचल्या असत्या."

"तुमाला ह्ये ठाऊक व्हतं?"

"पुस्तकात होतं. दरवर्षी शिकवते. तेव्हा सुचलं नाही."

आता पुढचं वाक्य येईल म्हणून मी अंग आवळून उभी होते. हवा कमी करायला तुम्हीच सांगितलं होतं, हे ते वाक्य. ते त्यांना ठाऊक होतं. मी ते सांगितलं तेव्हा शेडमध्ये मास्तर आणि वहिनी दोघंच होते. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला. त्याचा अर्थ मला कळत होता. मी कडी काढली आणि बाहेर आले.

सोमवारी वर्कशॉपमध्ये भट्टी नव्हती. ती त्यांनी घणाने फोडली होती आणि विटामाती कंपाउंडच्या कडेला टाकली होती. खिडक्यांवरची गोणपाटं निघाली होती. हेडमास्तर ओरडले, मेमो दिला, मास्तरांनी सही करून घेतला. संध्याकाळी मी घरी पोचले तर दारात सिलिंडर. सायकलवर बांधून आणून देऊन गेले होते. सासूबाई म्हणाल्या, कोण गं तो, चहा घे म्हटलं तर थांबला नाही, आधी सिलिंडर आपल्या धोतराने पुसून मग खाली ठेवलान.

त्यानंतर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं मास्तर माझ्याशी बोलले नाहीत. जयभीम मात्र रोज व्हायचा, तोही पूर्वीसारखा मोठ्याने. पण तेवढाच. वर्कशॉपची दारं-खिडक्या आता सताड उघडी असायची आणि लख्ख उन्हात मास्तर लोखंड तापवायचे. त्यांना रंग दिसायचा नाही. ज्या माणसाच्या हातून पंधरा-वीस वर्षांत एक सळई जळाली नव्हती त्याच्या हातून आठवड्याला दोनतीन जळायला लागल्या. मुलं हसायची. एकदा मी व्हरांड्यातून जाताना थांबले. ते एकटेच ठोकत होते. टक् करायचे आणि थांबायचे. टक् आणि पुन्हा थांबायचे. मधली जागा ते मोकळी सोडत होते. मी तिथं उभी राहून रडले आणि तास चुकवला.

निरोपसमारंभाला ते आले नाहीत. नारळ आणि शाल टेबलावर तशीच राहिली. समारंभ शनिवारी होता. सोमवारी प्रयोगशाळेच्या शिपायाने मला बोलावून नेलं. बाई, हे बघा काय करून ठेवलंय, म्हणाला. रविवारी मास्तर शाळेत येऊन गेले होते. प्रयोगशाळेला सहा खिडक्या. प्रत्येक खिडकीच्या दोन्ही दारांना नवे लोखंडी आकडे होते, घडवलेले, हातोड्याच्या खुणा दिसत असलेले. दारं पूर्ण उघडून, आकड्यांची टोकं भिंतीतल्या कड्यांत घालून, ठोकून कायमची वळवून टाकली होती. खिडकी लावायची तर लोखंड कापावं लागलं असतं. हेडमास्तरांनी हॅक्सॉ घेऊन माणूस पाठवला. मी दारात उभी राहिले आणि त्याला परत पाठवलं. ते बारा आकडे म्हणजे माफी होती की शिक्षा होती, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. मास्तर हरसूलकडे तिच्या भावाकडे राहायला गेले, तिथंच गेले, एवढं नंतर कानावर आलं.

त्या खिडक्या मी असेपर्यंत बंद झाल्या नाहीत. पावसाळ्यात कडेची दोन टेबलं भिजायची. मी फडकं घेऊन पुसायचे. थंडीत मुलं कुडकुडायची आणि विचारायची की बाई, ह्या खिडक्या लागत का नाहीत. कार्बनचा धडा आला की मी सांगायचे. एक लोहार होता, त्याची बायको घण मारायची, तिच्या छातीसाठी त्याने बिनधुराची भट्टी केली, आणि रंग दिसावा म्हणून खिडक्या लावून घेतल्या. परीक्षेत तो प्रश्न माझ्या वर्गात कोणाचा चुकला नाही. फक्त भट्टीची हवा कमी करायला त्या लोहाराला कोणी सांगितलं होतं, हे मी एकाही वर्गाला सांगितलं नाही. मास्तरांनीही ते कधी कोणाला बोलून दाखवलं नाही, मलासुद्धा.